भांगेच्या मळ्यातली काळी अळी

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा औषधं दुकानात मिळत नसत, डोंगरउतारावर उगवत.

अशाच एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाच्या वरच्या अंगाला भानुमती नावाच्या वैद्यीणबाईचा भांगेचा मळा होता. भांग म्हटलं की लोकांना नशा आठवते. भानुमतीला आठवत ती दुखण्यानं तळमळणारी माणसं. झाडांचे तुरे चिकट झाले, त्यांना उग्र वास सुटला, की ती ते खुडायची, सावलीत वाळवायची आणि तुपात शिजवायची. त्या तुपाचं बोटभर चाटण घेतलं की हाड मोडलेल्या माणसाचाही डोळा लागे.

त्या वर्षी गावातला म्हातारा लोहार अंथरुणाला खिळला होता. दुखणं हाडांत शिरलेलं. तो बरा होणार नाही, हे भानुमतीनं त्याच्या लेकीला, तुळसाला, स्पष्ट सांगितलं होतं. उरलेले दिवस मात्र सुखाचे जातील, असा शब्दही दिला होता.

आणि नेमका त्याच वर्षी मळ्यावर मावा पडला.

पानांच्या खालच्या बाजूला हिरव्या, इवल्या किड्यांची दाटी झाली. ते रस शोषू लागले, तशी पानं चिकट झाली, मुडपली, पिवळी पडली. भानुमतीनं कडू मुळांचा जहाल काढा उकळला आणि झाडांवर शिंपडला. मावा मेला. तिला हायसं वाटलं. पण थोड्याच दिवसांत तो पहिल्यापेक्षा दुप्पट झाला. तिनं पुन्हा काढा शिंपडला. मावा पुन्हा मेला आणि पुन्हा आला. आता तर तुरेसुद्धा सुकू लागले.

कुंपणाजवळचा एक कोपरा तेवढा काढ्यावाचून राहिला होता, कारण दोन्ही वेळा तिथवर पोचेपर्यंत घडा रिकामा झाला होता. तिसऱ्या वेळी ती भरला घडा घेऊन आधी तिथेच गेली. तुळसा तिच्या मागोमाग आली होती. घरातलं औषध संपत आलंय, बाप रात्रंदिवस कण्हतोय, असं ती सांगत होती.

भानुमतीनं एक पान उलटं केलं. मावा तिथेही होता. पण त्याच्यात एक अळी फिरत होती. काळी, अंगभर काटे, पाठीवर नारिंगी डाग. पाहताक्षणी किळस यावी अशी. आजवर अशी अळी दिसली की भानुमती चिमटीत धरून चिरडत आली होती. तिनं आताही हात पुढे केला.

तेवढ्यात अळीनं एक मावा तोंडात धरला आणि गट्ट केला. मग दुसरा. मग तिसरा.

भानुमतीचा हात तसाच राहिला. तिनं घडा खाली ठेवला आणि मातीत बसकण मारली. जितकं पाहावं तितकं दिसू लागलं. एका देठाआड कोळी दबा धरून बसला होता. दुसऱ्या पानावर केसाहून बारीक दांड्यांवर मावा खाणाऱ्या जाळीपंखी किड्याची मोत्यांसारखी अंडी डुलत होती. काही मावे फुगून तपकिरी झाले होते, आणि त्यांतल्या एकाला आतून पोखरून, पाठीला भोक पाडून मुंगीहून लहान माशी बाहेर पडली नि उडून गेली. तळहाताएवढ्या पानावर अख्खं राज्य नांदत होतं. शेजारचं झाड तिनं पाहिलं, तर त्याचे तुरे ताठ होते.

"तुळसा," ती हळूच म्हणाली, "इथे राखण चाललीय गं. मीच राखणदार मारत होते."

"पण मावशी, माझ्या बाबांचं काय?"

"काढा ओतला तर हे तुरेही जातील. थोडा धीर धर. माझ्याकडचं उरलेलं औषध पुरवून देते."

तुळसा रडतच घरी गेली. बापाला तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं कण्हणं आवरलं. मग म्हणाला, "लोखंड तापेस्तोवर मीही थांबतच आलो. तिला म्हणावं, मी थांबतो."

तो निरोप भानुमतीला पोचला. ती दिवस दिवस मळ्यात बसू लागली. एके सकाळी तिला दिसलं, की ती काळी अळी शेपटीनं पानाला चिकटली आहे आणि तिचा नारिंगी गोळा झाला आहे. काही दिवसांनी तो गोळा उकलला. आतून फिकट पिवळा, ओलसर किडा बाहेर आला आणि उन्हात बसला. बघता बघता त्याच्या पाठीवर लाली चढली आणि त्या लालीतून एकेक काळा ठिपका वर आला, जणू आतून कुणी टिकली लावत होतं.

तो लाल ढालकिडा होता. लहानपणी तळहातावर घेऊन ज्याला ती फुंकर घालायची, तोच. त्याचं पोर असं दिसतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं नकळत हात जोडले.

कोपऱ्यातले ढालकिडे मळाभर पसरले. अर्धी झाडं गेली ती गेलीच. पण उरलेल्या अर्ध्यांना नवे तुरे आले आणि भानुमतीनं नवं तूप शिजवलं. लोहाराला शांत झोप लागू लागली. जाग आली की तो लेकीशी बोले, भात्याच्या आणि तिच्या आईच्या गोष्टी सांगे. पानगळ सुरू झाली तेव्हा तो गेला, लेकीचा हात हातात घेऊन, न कण्हता.

पुढे भानुमतीनं मळ्याच्या कडेनं शेपू आणि कोथिंबीर फुलू दिली, राखणदारांना आसरा म्हणून. शिकायला येणाऱ्यांना ती झाडपाला दाखवण्याआधी एक उलटं पान दाखवी आणि नुसतं बघत बसायला सांगे.

तात्पर्य : मारायला हात उचलण्याआधी डोळे भरून पाहावं; ज्याला आपण वैरी समजतो, तो आपलीच राखण करत असू शकतो.