अप्पांची न बुडणारी लाँच

एका गावात एक भोळा दीर होता. गाव खाडीकाठचं, आणि दीर माझाच. नाव भार्गव. त्याला एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नाही. सगळी अडचण तिथेच आहे.

माझे सासरे, म्हणजे अप्पा, या खाडीत जन्मभर लाँच चालवायचे. वऱ्हाडं, बकऱ्या, आंब्याच्या पेट्या, सगळं पल्याड न्यायचे. "माझी लाँच कधी बुडाली नाही," हे वाक्य रोज जेवताना व्हायचंच. मग पूल झाला. लाँच भंगारात गेली आणि अप्पांचं ते वाक्यही बंद झालं. जेट्टीकडे जाणंसुद्धा त्यांनी सोडलं.

अप्पांच्या पंच्याहत्तरीला भार्गवनं ठरवलं, त्यांना त्यांची लाँच परत द्यायची. हातभर लांब, प्लास्टिकची, पण हुबेहूब. असली छोटी जहाजं जोडायचा त्याला नाद. रंगाचं मात्र तो मला विचारायचा, कारण मी लग्नाआधी फॅब्रिक पेंटिंगचा पंधरा दिवसांचा क्लास केला होता. मला रंगातलं सगळं कळतं असा घरात समज होता. तो मीच पसरवला होता.

आधी हिरवा ऑइलपेंट काढला. तो घट्ट निघाला.

"वहिनी, ब्रश सरकत नाही."

"मग पातळ करा की."

त्यानं पाणी ओतलं. रंग नासलेल्या दुधासारखा फुटला.

"अहो भावजी, रंगात पाणी घालतात का? टर्पेंटाइन घालायचं."

"बरं," तो म्हणाला, आणि डोक्यात पक्कं बसवलं.

मग पांढरा काढला. तो पाण्यात कालवायचा रंग. त्यानं टर्पेंटाइन घातलं. डबीत साबुदाण्याची खिचडी झाली.

"प्रत्येक रंगाचं वेगळं असतं हो. आणि जे ज्यानं पातळ होतं, ते त्यानंच निघतं. ब्रशही त्यातच धुवायचा. एवढं लक्षात ठेवा."

"बरं."

त्याच संध्याकाळी आमच्या ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर चहा सांडला. भार्गव आतून धावत आला आणि दुधाचं पातेलं त्यांच्या पोटावर रिकामं केलं.

"हे काय रे?" ह्यांनी विचारलं.

"दादा, चहा दुधानं पातळ होतो. म्हणजे निघणारही दुधानंच."

"हे कुणी शिकवलं तुला?"

मी शर्ट भिजत घालायला गेले.

पुढे लाँचच्या छपराला लाल रंग दिला. तो थिनरमध्ये कालवायचा. त्याचा एक ओघळ आला. नियमाप्रमाणे भार्गवनं ओघळावर थिनर चोपडलं. ओघळ गेला. छप्परही गेलं. तव्यावर पडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखं आत बसलं.

"रंगाला चालतं ते प्लास्टिकला चालेलच असं नाही," मी म्हटलं. "काहीही लावायचं तर आधी दिसणार नाही अशा जागी लावून बघायचं."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्यानं नवं छप्पर केलं. तेही रंगवलं. लाँच इतकी देखणी झाली की मी कौतुकानं हात लावला, आणि ओल्या छपरावर माझा अंगठा उमटला.

"वाळल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका," मी वर त्यालाच दम दिला.

"कुणालाही म्हणजे?"

"म्हणजे कुणालाही. अप्पांनासुद्धा."

"बरं."

पंच्याहत्तरीच्या दिवशी सकाळी त्याला म्हटलं, अप्पांना गंध लावा. त्यानं आधी त्यांच्या कानामागे लावलं आणि काही होतंय का ते बघत उभा राहिला. माझं लक्ष तेव्हाच जायला हवं होतं. पण मी पुऱ्या तळत होते.

दुपारी सगळ्यांसमोर लाँचवरचं फडकं काढलं. आता ती खडखडीत वाळली होती. अप्पांनी ती चारी बाजूंनी न्याहाळली. मग म्हणाले, "घंगाळ भरा. बोट टेबलावर ठेवायची नसते."

अंगणात घंगाळ भरलं. अप्पांनी स्वतःच्या हातानं लाँच पाण्यात सोडली. ती झोकात तरंगली. अप्पा ताठ उभे राहिले आणि किती वर्षांनी म्हणाले, "माझी लाँच कधी बुडाली नाही."

लाँच एका बाजूला कलली. मग दुसऱ्या बाजूला. मग शांतपणे खाली जायला लागली.

"मी नव्हतो हं चालवत," अप्पा म्हणाले.

"भावजी," मी हळूच विचारलं, "हिच्या तळाला काय झालं?"

"भोकं आहेत. थिनर लावून बघितलं, त्याचं एक. तुमचं नेलपॉलिश काढायचं लावून बघितलं, त्याची दोन. पण वहिनी, सगळी दिसणार नाही अशा जागीच आहेत."

वीतभर पाण्यात नुसतं लाल छप्पर उरलं. अप्पा घाईघाईनं वाकले, घंगाळात हात घालायला. भार्गवनं त्यांचं मनगट धरलं.

"अप्पा, थांबा. ओली आहे. वाळल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही. वहिनीनं सांगितलंय."