टिमकू उंदराचा लाडू

एक होता टिमकू उंदीर. त्याची एक सायकल होती, बटणांच्या चाकांची.

टेकडीपलीकडे मावशी राहायची. आज मावशीकडे आंबोळ्या होत्या. टिमकूला कोण घाई! आईने न्याहारीला हाक मारली, पण तो थांबलाच नाही. शेंगदाण्याचा लाडू टोपलीत टाकला आणि निघाला. किर्र किर्र, किर्र किर्र.

चढ लागला. पोट करू लागलं गुडगुड. पाय करू लागले लटलट. टिमकूने चालत्या सायकलवरच लाडूला हात घातला. सायकल डुगडुगली. लाडू उडाला, टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, आणि बोरीच्या काट्यांत अडकला.

टिमकूने बोरीकडे लाडू मागितला.

बोर म्हणाली, "मला तहान लागलीय. ओढा पाणी देईल, तर मी लाडू देईन."

टिमकू गेला ओढ्याकडे. किर्र किर्र.

"ओढ्या, ओढ्या, पाणी दे. पाणी बोरीला, बोर देईल लाडू, लाडू खाईन मी."

ओढा म्हणाला, "वाटेत धोंडा पडलाय. म्हैस धोंडा ढकलेल, तर मी पाणी देईन."

टिमकू गेला म्हशीकडे. किर्र... किर्र.

"म्हशी, म्हशी, धोंडा ढकल. धोंडा सरला की ओढा देईल पाणी, पाणी बोरीला, बोर देईल लाडू, लाडू खाईन मी."

म्हैस म्हणाली, "मला भूक लागलीय. गोजराबाई चारा देईल, तर मी धोंडा ढकलेन."

गोजराबाई कुरणात गवत कापत होती. टिमकू तिच्याकडे गेला. किर्र... किर्र...

"गोजराबाई, गोजराबाई, चारा दे. चारा म्हशीला, म्हैस ढकलेल धोंडा, धोंडा सरला की ओढा देईल पाणी, पाणी बोरीला, बोर देईल लाडू, लाडू खाईन मी."

गोजराबाईने विळा खाली ठेवला. टिमकूचे पाय थरथरत होते.

"निघताना काय खाल्लंस रे बाळा?"

"काहीच नाही."

"मग बस इथं. तू भाकरी खाशील, तर मी चारा देईन."

तिने फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडून दिला, वर गुळाचा खडा.

टिमकूने भाकरी खाल्ली, कुटुर कुटुर. पाणी प्याला, गुटुक गुटुक. पोट गप्प झालं.

गोजराबाईने दिला चारा. म्हशीने खाल्ला, चबर चबर. म्हशीने ढकलला धोंडा, गडगड गडगड. ओढा निघाला, झुळझुळ झुळझुळ, थेट बोरीच्या मुळाशी. बोर पोटभर पाणी प्याली. तिने अंग झटकलं, सळसळ सळसळ.

टप्. लाडू खाली.

टिमकू चढ चढू लागला. अर्ध्या चढावर सायकल थांबवली, झाडाला टेकवली. खाली बसून अर्धा लाडू खाल्ला. उरलेला अर्धा खाल्ला टेकडीच्या माथ्यावर. वारा कानांत शिरत होता.

मग उतार. सुर्रर्र...

मावशी दारातच होती. तिने विचारलं, भूक आहे का?

"एका आंबोळीपुरती आहे," टिमकू म्हणाला.

आणि त्याने दोन खाल्ल्या.

लाडू गेला पोटात, गोष्ट राहिली ओठांत.