उंबराखालचे दूध

पूर्वी कोसलदेशात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या गवळ्यांच्या वस्तीत नांदत होते. कुठल्या जन्मी त्यांना हरणाचा देह मिळाला, कुठल्या जन्मी व्यापाऱ्याचा. या जन्मी बाईचा मिळाला होता. तिचे नाव खेमिका.

त्या वस्तीची एक रीत होती. बाळंतिणीच्या अंगावर पहिल्यांदा येणारे पिवळे, दाट दूध अशुद्ध मानत. तीन दिवस ते पिळून मडक्यात घेत आणि वेशीवरच्या उंबराच्या मुळाशी ओतत. तोवर बाळाला मध-पाणी चाटवत. चौथ्या दिवशी सासू बाळाला न्हाऊ घालून आईच्या पदराखाली देई. उंबराची सावली मात्र पंचक्रोशीत नावाजलेली होती.

थोरल्या लेकीच्या वेळी खेमिकेने ही रीत पाळली होती. चौथ्या दिवसापर्यंत छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला, आणि पोरीला ओढायचे त्राण उरले नाही. पोर जगली, पण वर्षभर नुसती हाडे दिसत. आता दुसऱ्या खेपेला मुलगा झाला होता, तोही बारका. दुसऱ्या सकाळी तो मध जिभेने बाहेर ढकलू लागला. त्याचे रडणे बारीक होत चालले होते, आणि ते ऐकून खेमिकेची चोळी भिजत होती.

त्याच सकाळी गोठ्यात गाय व्याली. शेजारणी खरवसाची वाट पाहत भांडी घेऊन आल्या. एकीने म्हटले की, सासूबाई आज सुनेच्या खोलीपेक्षा गोठ्यातच जास्त रमल्या आहेत. खेमिकेची सासू भद्रिला त्या शेजारणीला म्हणाली, "भांडं खाली ठेव, गं. आधी वासरू पिईल. पहिला चीक पोटात गेला नाही तर वासरू उभं राहत नाही."

खेमिकेने ते पलंगावरून ऐकले. तिने पाळण्यातून बाळ उचलले आणि छातीशी धरले. त्याला तोंड नीट लावता येईना. दोनदा सुटले, तिसऱ्यांदा धरले. ओढ बसताच तिच्या ओटीपोटात कळ उठली. तिने दात आवळले, पण बाळाला सोडवले नाही.

एवढ्यात भद्रिला मधाची वाटी घेऊन आत आली.

"काढ त्याला. अजून दोन दिवस आहेत."

"आत्याबाई, आत्ता गोठ्यात काय म्हणालात?"

"ते जनावर आहे."

"मग मला जनावर समजा."

भद्रिलेने मधाची वाटी पुढे केली. आपल्या सासूने हेच केले, तिच्या सासूने हेच केले, आणि कालच्या पोरीने आम्हाला शिकवू नये, असे ती बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "मीही याच रीतीनं मुलं वाढवली."

भद्रिलेला सहा मुले झाली होती. त्यातला एकच, खेमिकेचा नवरा, हाताशी लागला होता. बाकीची कुठे आहेत, हा प्रश्न खेमिकेच्या ओठांवर आला. प्रश्न खरा होता. तो विचारला असता तर सासूला बोलायला काही उरले नसते. जगायलाही फारसे उरले नसते. रीत चुकीची म्हणायची तर त्या पाच मुलांना काय झाले, हेही म्हणावे लागणार होते. एवढी वर्षे भद्रिला त्या रीतीला का धरून होती, ते खेमिकेला तेव्हा कळले.

तिने बाळ तसेच राहू दिले आणि पलंगावर थोडी सरकली.

"बसा इथं. याचं डोकं धरा जरा, माझा हात भरून आलाय."

भद्रिला वाटी खाली ठेवून पलंगाच्या कडेला बसली आणि तिने नातवाचे डोके तळव्यावर तोलले. बाळाच्या ओठांच्या कडेला पिवळा थेंब आला. त्याच्या गळ्याची हालचाल तिच्या बोटांना लागत होती.

"माझाही चीक असाच पिवळा होता," ती म्हणाली.

खेमिकेने बाळाला आणखी जवळ घेतले.

"उंबर बघ केवढा झालाय."

एवढे बोलून म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. दुसरा हात मात्र तिने बाळाच्या डोक्याखालून काढला नाही. पुढे वस्तीत कुणी बाळंत झाली की भद्रिला सर्वांआधी जाई आणि मडके उचलून बाहेर नेऊन पालथे घाली.

अनेक जन्मांनंतरची गोष्ट. सून उलट बोलते, बाळाला आमच्या रीतीने वाढवू देत नाही, अशी तक्रार घेऊन श्रावस्तीची एक वृद्ध उपासिका शास्त्यांकडे, म्हणजे आता बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वांकडे, आली होती. तिला शास्त्यांनी ही कथा सांगितली. सून शेजारीच, मूल पदराखाली घेऊन बसली होती.

शास्ते म्हणाले, "आई, तेव्हाची भद्रिला तू होतीस. ज्याचं डोकं तू तळव्यावर धरलंस, ते बाळ म्हणजे ही तुझी सून. आणि खेमिका मी होतो. रीत मोडली, पण ती पाळणाऱ्या माणसाला मोडू दिलं नाही. या बळाला क्षांती म्हणतात."