एक झाड पलीकडे

मुलांनो, डोंगरांच्या घळीत एक जंगल होते आणि त्यात एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन राहत असे. तिथले तळे भर उन्हाळ्यातही आटत नसे. म्हणून आजूबाजूच्या रानांतली जनावरे एकेक करून तिथेच मुक्कामाला आली. वस्ती वाढली, तशी बिबट्याची ये-जाही वाढली. एका आठवड्यात त्याने दोन रानडुकरे उचलली आणि त्याच आठवड्यात वणव्याने पश्चिमेकडचे सगळे गवत खाऊन टाकले. तेव्हा म्हाताऱ्या कासवाने सभा बोलावली. कासव म्हणाले, "गवे बिबट्याला हुसकावतील, हत्ती सोंडेने पाणी मारून वणवा विझवतील. दोघांची मिळून एकच चौकी करू, तळ्याकाठच्या जांभळाखाली. वस्तीच्या मधोमध आहे, हाक मारली की हजर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढे एकमत त्या जंगलात पूर्वी कधी झाले नव्हते. ते संध्याकाळपर्यंतही टिकले नाही.

"चौकी हवीच," मोर म्हणाला, "पण हत्तींच्या पायांनी माझ्या नाचायच्या जागेचा चिखल होईल. एक झाड पलीकडे न्या, एवढंच." चौकी एक झाड पलीकडे सरकली. तिथे अस्वलाचे लाडके मधाचे पोळे होते. "हत्तींनी खोडाला अंग घासलं की पोळं खाली आलंच म्हणून समजा," अस्वल गुरगुरले, "आणखी एक झाड पलीकडे!" मग हरिणी पुढे आली. "गवे रात्रभर खूर आपटतात हो. माझं पाडस आत्ता कुठे नीट झोपायला लागलंय." तिच्यावर रागावू नका, आईला लेकराची झोप मोठी वाटतेच. पण तिच्यामागे ससे उभे राहिले, सशांमागे साळिंदर, आणि जो तो एकच झाड मागत होता. "अहो, झाडं मोजा तरी!" असे कासवाने सांगून पाहिले, पण त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत सभा उठलेली असे. शेवटी चौकी टेकडीपलीकडच्या माळावर गेली. तिथे कोणी राहतच नव्हते, त्यामुळे तक्रारही उरली नाही. कोल्ह्याने वेल तोडून उद्घाटन केले आणि जागा किती प्रशस्त आहे यावर लांबलचक भाषण ठोकले.

वैशाखातल्या एका दुपारी हरिणी तळ्यावर पाणी प्यायला गेली. जाताना पाडसाला उंच गवतात बसवून ती म्हणाली, "मी येईपर्यंत जागचा हलू नकोस हं." ती वळते न वळते तोच उतारावरून वणवा उतरला. कावळा जीव खाऊन चौकीकडे उडाला. निरोप ऐकताच हत्ती धावत सुटले, पण आधी टेकडी चढायची, मग उतरायची, मग सोंडा भरायच्या. इकडे हरिणी ज्वाळांच्या कडेने वेड्यासारखी येरझारा घालत होती, हाका मारत होती. आतून एकदाच बारीक आवाज आला. फार गुणी लेकरू होते ते. आईने सांगितले होते, म्हणून ते हलले नाही.

हत्तींनी वणवा विझवला, तेव्हा त्या गवताची राख झाली होती.

"इतका वेळ का लावलात?" हरिणीने हंबरडा फोडला.

"बाई, निरोप मिळाल्यापासून आम्ही क्षणभरही थांबलो नाही," धापा टाकत म्हातारा हत्ती म्हणाला. "वाटच तेवढी होती."

हरिणीने टेकडीकडे पाहिले. ती वाट लांबवणाऱ्यांत आपणही होतो, हे तिला आठवले आणि ती मटकन खाली बसली. तिचे सांत्वन करायला कोणी पुढे आले नाही. प्रत्येक जण खाली मान घालून उभा होता.

तात्पर्य : संकटात धावून येणाऱ्यांचा शेजार थोडा त्रासाचा असला तरी सोसावा, आपल्या सोयीसाठी त्यांना जितके दूर ठेवू, तितकी त्यांची मदत उशिरा पोहोचते.