सतराव्या होलवरची पाच मिनिटं

सह्याद्रीच्या माथ्यावर मोरपठार नावाचं एक थंड हवेचं गाव होतं आणि त्या गावात गोल्फचं एक जुनं मैदान होतं. मैदान म्हणजे काय, नुसता हिरवागार गालिचा! मधूनच ओढे, कडेला कारवीच्या झुडपांचं रान आणि एका अंगाला खोल दरी. तिथं दर वर्षी डिसेंबरात मोठी स्पर्धा भरायची. क्लबाच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी लागायची: ‘मोरपठार खुली गोल्फ स्पर्धा’. लांबलांबून खेळाडू मोटारी घेऊन यायचे. जिंकणाऱ्याला चांदीचा करंडक मिळायचा, त्याचं नाव सोनेरी अक्षरांत लाकडी फलकावर चढायचं आणि वर्षभरासाठी क्लबाच्या कमिटीत त्याला एक खुर्ची मिळायची.

या मैदानाची निगा राखणारा माळी होता कोंडिबा ढेबे. बावीस वर्षं त्यानं तिथलं गवत राखलं होतं. कुठं पाणी मुरतं, कुठं चेंडू उजवीकडे सरकतो, कुठं जमीन दगडासारखी टणक आहे, सगळं त्याच्या तळपायाला ठाऊक. सोमवारी क्लब बंद असायचा. त्या दिवशी कामगारांना खेळायची मुभा होती. सभासदांनी टाकून दिलेल्या काठ्या घेऊन ते खेळायचे. कोंडिबाचा फटका असा सुटायचा की बाकीचे दहा जण आपला डाव सोडून बघत राहायचे.

एकदा रोलर ओढणारा गेनू पाटीसमोर थांबला. गेनूनं शाळेचं तोंड उशिरा पाहिलं होतं, पण आता वाचायची त्याला भारी हौस.

“कोंडिबादादा, खुली म्हंजी काय रं?”

“खुली म्हंजी कुणालाबी खेळता येतं ती.”

“मग आपुन का न्हाई खेळत?”

बावीस वर्षं ती पाटी कोंडिबानंच पुसली होती. पण हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता! दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून क्लबाचे अध्यक्ष नाडकर्णी वकील यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं अर्ज मागितला.

क्लबात एकच गदारोळ उडाला. खुली म्हणजे कोणत्याही क्लबाच्या सभासदाला खुली, असंच आजवर सगळे धरून चालले होते. सगळ्यात चढा आवाज होता मेजर सरनाईकांचा. पाच वेळा त्यांनी ही स्पर्धा जिंकली होती. ते म्हणाले, “गवत कापणाऱ्यांनी गवत कापावं. उद्या स्वयंपाकीही येतील काठ्या घेऊन!”

नाडकर्णी वकील कायद्याचे पक्के. त्यांनी नियमांचं पुस्तक तीनदा चाळलं. कामगारांना मनाई करणारं एकही वाक्य त्यात सापडेना. शेवटी त्यांनी तोडगा काढला. “यंदा एक वर्ष कोंडिबाला खेळू द्या. स्पर्धा संपली की पुढचं कमिटी ठरवेल. दार उघडं ठेवायचं की लावून घ्यायचं, ते तेव्हा बघू.”

कामगारांच्या वस्तीवर त्या दिवशी दिवाळी झाली. गेनू म्हणाला, “दादा, तू जिंकलास तर कमिटीत तुझी खुर्ची! मग कुणाची टाप हाय दार लावायची?” अकरा कामगारांच्या डोळ्यांत एकच स्वप्न उभं राहिलं.

आणि स्पर्धा सुरू झाली!

पहिल्या दिवशी लोक हसले. कोंडिबाच्या पायांत कॅनव्हासचे बूट, पिशवीत चार निरनिराळ्या मापांच्या काठ्या. दुसऱ्या दिवशी हसू विरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गुणफलकावर आकडे लागले, तेव्हा सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. सगळ्यात कमी फटक्यांत खेळणारे दोघं होते, मेजर सरनाईक आणि कोंडिबा ढेबे. अगदी बरोबरीत! शेवटच्या फेरीत दोघांची जोडी लागली.

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी फळ्या लावल्या. शाळेच्या मास्तरांनी अर्धी सुट्टी दिली. मैदानाच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी राहिली. एका बाजूला सभासद, रंगीत छत्र्या घेऊन. दुसऱ्या बाजूला गाव.

काय खेळले दोघं! मेजरांचा फटका म्हणजे बंदुकीची गोळी. सरळ, कडक, नेमका. कोंडिबाचा फटका घारीसारखा, उंच जाऊन झेंड्याशेजारी अलगद उतरणारा. फेरीत अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खळगे. चौथ्या होलवर मेजर एका फटक्यानं पुढे गेले. सातव्यावर कोंडिबानं गाठलं. अकराव्यावर कोंडिबा पुढे! चौदाव्यावर पुन्हा बरोबरी! प्रत्येक होलला गावाकडून आरोळी उठायची, नाहीतर सभासदांकडून टाळ्या. सोळा होल झाले आणि दोघं अजून बरोबरीतच होते. नाडकर्णी पंच म्हणून बरोबर चालत होते. त्यांच्या हातातला रुमाल पिळून पिळून चोळामोळा झाला होता.

सतरावा होल अवघड. डावीकडे उतार, उताराखाली कारवीचं दाट रान. कोंडिबानं आधी मारला. चेंडू मध्यावर, सुरेख जागी थांबला. मग मेजर पुढे झाले. त्यांनी फटका मारला आणि त्याच क्षणी दरीतून वाऱ्याचा एक झोत उसळला. चेंडू डावीकडे वळला, उतारावर आपटला आणि कारवीच्या दिशेनं दिसेनासा झाला.

दोन्ही बाजूंच्या माना उताराकडे वळल्या.

नियम सगळ्यांना ठाऊक होता. त्या काळी हरवलेला चेंडू शोधायला पाच मिनिटं मिळायची. तेवढ्यात सापडला नाही, तर दंड म्हणून एक फटका वाढायचा आणि पुन्हा मागं जाऊन मारावं लागायचं. इतक्या अटीतटीच्या सामन्यात याचा अर्थ एकच होता. मेजर हरले!

नाडकर्णींनी खिशातलं घड्याळ काढलं. “वेळ सुरू.”

सभासद धावले. मेजर स्वतः गुडघ्यांवर बसून कारवीत हात घालू लागले. फांद्यांनी त्यांचे हात ओरबाडले. चेंडू मिळेना.

कोंडिबा जागचा हलला नव्हता. चेंडू कारवीत नाही, हे त्याला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी त्या उतारावर पाणी साचायचं, म्हणून त्यानंच तिथं गवताखालून दगडी चर काढला होता. चेंडू जिथं आपटला, तिथंच त्या चराचं वरचं तोंड होतं. तिथं पडलेला चेंडू आत घरंगळतो आणि पंचवीस पावलं खाली, कारवीच्या कडेला, उंबराजवळ बाहेर येतो. जगात हे फक्त त्याला ठाऊक होतं. नाही, आणखी एकाला. चर खणताना दगड वाहायला गेनू होता.

गेनू गर्दीतून सरकत त्याच्याजवळ आला. ओठ न हलवता म्हणाला, “दादा, गप ऱ्हा.”

“दोन मिनिटं झाली,” नाडकर्णी म्हणाले.

“तू काय बी लबाडी करत न्हाईस. नुसता गप ऱ्हा. आपल्या सगळ्यांचं दार उघडतंय आज.”

गेनू काय खोटं बोलत होता? त्यानं चेंडू लपवला नव्हता. वारा त्यानं सोडला नव्हता. नुसती तीन मिनिटं तोंड मिटून उभं राहायचं, की फलकावर त्याचं नाव, कमिटीत त्याची खुर्ची, आणि अकरा जणांना कायमचा रस्ता मोकळा! समोर गाव उभं होतं. त्याची बायको चंद्रा दोन्ही हात जोडून उभी होती.

“तीन मिनिटं!”

त्यानं मेजरांकडे पाहिलं. पाच वेळा जिंकलेला तो ताठ कण्याचा माणूस मातीत रांगत होता. कोंडिबाच्या मनात आलं, या मैदानाची खोड न् खोड मला ठाऊक आहे, तिच्या जोरावर मी आज खेळलो. तो माझा हक्क. पण तीच माहिती दडवून मी जिंकलो, तर मी खेळाडू कसला? मग मी चोरच की!

“चार मिनिटं!”

“मेजरसाहेब!” कोंडिबा ओरडला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. “तिकडं न्हाई! खाली! उंबरापाशी चराचं खालचं तोंड हाय, तिथं बघा! पळा!”

मेजरांनी मान वर केली. क्षणभर त्यांना कळेचना. मग ते उठले आणि पन्नाशीतला तो माणूस उतारावरून असा धावला की मागून सभासदांच्या टोप्या उडाल्या! कोंडिबा त्यांच्याही पुढे. त्यानं उंबराखालचं गवत बाजूला सारलं. चराच्या तोंडातून निघून गवतापलीकडच्या मोकळ्या हिरवळीवर पांढराशुभ्र चेंडू पडला होता.

“माझाच!” खूण तपासून मेजर म्हणाले.

नाडकर्णींनी घड्याळ मिटलं. “तीस सेकंद शिल्लक.”

सभासदांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गावाकडच्या बाजूनं मात्र माना खाली घातल्या. गेनूनं तोंड फिरवलं.

चेंडूची जागाही काय नामी होती! मेजरांनी तिथून असा फटका मारला की चेंडू झेंड्याला चाटून थांबला. सतरावा होल बरोबरीत सुटला. आता उरला अठरावा. मेजरांनी तो चार फटक्यांत संपवला. कोंडिबाचे तीन झाले होते आणि चेंडू होलपासून सहा हातांवर होता. हा आत गेला तर पुन्हा बरोबरी!

त्यानं काठी हलकेच टेकवली. चेंडू निघाला. सरळ, अगदी सरळ. गाव पुढे झुकलं. चेंडू होलच्या काठाशी पोचला, काठावरून अर्धा वळसा घेतला आणि थांबला. बाहेर!

एका फटक्यानं मेजर जिंकले. कोंडिबानं टोपी काढून त्यांना नमस्कार केला. मेजर त्याचा हात धरून उभे राहिले.

वस्तीकडे जाताना गेनूनं त्याला गाठलं. “तुझा एकट्याचा खेळ नव्हता त्यो. अकरा जनांचा व्हता.”

गेनूचं चुकत होतं असं कोंडिबाला वाटलं नाही. आपलंही चुकलं असं वाटलं नाही. पण वस्तीपर्यंत तो मान खाली घालूनच चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटी बसली. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे विजेत्याला खुर्ची होती, म्हणून मेजरही होते. एक सभासद म्हणाला, “कोंडिबा छान खेळला, पण हरला. एक वर्षाचा प्रयोग झाला. आता स्पर्धा पूर्वीसारखीच असू द्या.” दोघातिघांनी माना डोलावल्या.

मेजर उठले. त्यांच्या हातांवर अजून ओरखडे होते.

“मी या मैदानावर वीस वर्षं खेळतोय. माझा चेंडू कितीदा तरी हरवला. शोधायला सगळेच वाकायचे. पण तो सापडावा असं मनापासून वाटणारा माणूस मला काल पहिल्यांदा भेटला. आणि तो कोण? ज्याचा त्यात तोटाच होता, तो!” त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “मी म्हणालो होतो, गवत कापणाऱ्यांनी गवत कापावं. ते शब्द मी गिळतो. ही स्पर्धा खुली राहणार नसेल, तर यंदा फलकावर माझं नाव लिहू नका. खोट्या पाटीखाली मला जिंकायचं नाही.”

नाडकर्णींनी हात वर केला. मग आणखी एकानं. बघता बघता सगळे हात वर! नियमांच्या पुस्तकात शाईनं ओळ लिहिली गेली: ‘स्पर्धा सर्वांना खुली.’

मेजर तडक मैदानावर गेले. कोंडिबा सतराव्या होलपाशी चराचं तोंड साफ करत होता. वीस वर्षं ज्याला ते ‘अरे कोंडिबा’ म्हणत आले, त्याच्यासमोर ते थांबले.

“कोंडिबा, पुढच्या वर्षी अर्ज लवकर भरा. मला तुमच्याशी खेळायचंय.”

कोंडिबा उठून उभा राहिला. हातातला चिखल त्यानं धोतराला पुसला. “आणि गेनू? बाकीची मानसं?”

“सगळे. कमिटीनं आत्ताच लिहून घेतलं.”

कोंडिबानं खुरपं तिथंच टाकलं आणि तो पळत सुटला! सोळावा होल, बारावा, नववा... जो भेटेल त्याला सांगत सुटला. रोलर ओढणाऱ्या गेनूला त्यानं लांबूनच हाक दिली. गेनूनं आधी कान टवकारले, मग हातातला दांडा सोडला. रोलर उतारावर घरंगळत निघाला, त्याचंही दोघांना भान राहिलं नाही. भर मैदानात ते एकमेकांना मिठी मारून नाचत होते!

पुढच्या डिसेंबरात अर्ज भरायच्या दिवशी क्लबाच्या दारात रांग लागली. माळी, दूधवाला, शाळेचे मास्तर, टपालवाला, आणि हो, क्लबाचा स्वयंपाकीसुद्धा! रांग फाटक ओलांडून रस्त्यावर गेली. त्या वर्षी कोंडिबा तिसरा आला. त्याच्या पुढच्या वर्षी चार फटक्यांनी जिंकला. गावानं त्याला खांद्यावर घेतलं, आणि ज्यांनी सगळ्यांत आधी खांदा पुढे केला त्यांत मेजर सरनाईक होते.

तात्पर्य: ठाऊक असलेलं सत्य दडवून मिळवलेला विजय एका दिवसाचा असतो. सत्य सांगून पत्करलेली हार मात्र माणसांचा विश्वास कमावते, आणि बंद दारं त्या विश्वासानंच आतून उघडतात.