घाटासाठी कॅमशाफ्ट

फार पूर्वी रत्नागिरीत एक मोटारसायकल होती. दिगंबरपंत आणि वत्सलाबाई हे नवराबायको तिच्यावरून गावोगाव फिरत. इंजिनाचा जोर वाढावा म्हणून तिला नवा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची उघडझाप करणारा दांडा, बसवायचं ठरलं. गॅरेजात दोन होते.

"मला घे. सपाटीवर तुला कुणी गाठणार नाही," पहिला म्हणाला.

"मी वेग फार देणार नाही, पण हळू चालतानाही ओढीन," दुसरा म्हणाला.

मोटारसायकल वेगाला भुलली. सपाटीवर ती सुसाट गेली; पण आंबा घाटात सामानासकट चढताना धापा टाकत थांबली. वत्सलाबाईंना उतरून चढ चालावा लागला. मोटारसायकलीला मान वर करवेना.

परत येताच तिने दुसऱ्याला विचारलं, "रागावलास?"

"घाट कुठला, ते सांग," तो म्हणाला.

पुढच्या खेपेला घाटमाथा मागे पडला, तरी वत्सलाबाई विचारत होत्या, "अहो, घाट कधी लागायचा?"