जाळ्याची अंगाई

एका राज्यात राजाच्या आधी समुद्र होता. राजे आले, राजे गेले, सिंहासनाची गादी कितीदा बदलली, समुद्र मात्र होता तिथेच राहिला. किनाऱ्यावरची माणसं राजाला मुजरा करण्याआधी समुद्राला हात जोडत. राजांना हे फारसं रुचत नसे, पण तसं बोलून दाखवण्याची रीत नव्हती.

त्या राज्याच्या ध्वजावर एक मासा होता. चांदवी त्याचं नाव. हातभर लांब, अंगाने रुपेरी, पाठीवर एकच निळी रेघ. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडी, साऱ्या समुद्रातल्या चांदव्या त्या राज्याच्या एका खाडीत अंडी घालायला येत. पोटुशी माहेरी आली, असं किनाऱ्यावरच्या बाया म्हणत. माहेरवाशिणीला कोणी पकडतं का? म्हणून ते दोन महिने एकही होडी पाण्यात जात नसे, आणि सगळी जाळी निजवली जात.

निजवली जात, हे मी उगाच म्हणत नाही. त्या राज्यातली जाळी खरोखरच निजत. नागूबाय नावाची एक म्हातारी वाळूत बसून अंगाई म्हणे. अंगाईच्या दोन ओळी नागूबायच्या, ती गुणगुणे अशा की शब्द कोणाला कळत नसत. तिसरी ओळ ज्याचं जाळं त्याने म्हणायची, जाळ्याच्या गाठीशी तोंड नेऊन, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही अशी. मग जाळी सैल पडत, बारीक घोरू लागत, आणि दोन महिने हलत नसत. राजवाड्याचंही एक थोरलं जाळं होतं. त्याची तिसरी ओळ राजाने म्हणायची. पण राजा वीरकेतू दरवर्षी आपल्या जागी एका कारभाऱ्याला पाठवी. कारभारी काहीतरी पुटपुटे, आणि तेवढ्यावर भागून जाई.

एके वर्षी वीरकेतूने आपली एकुलती एक लेक शुक्तिमती हिचं लग्न केलं. सात राज्यांचे राजे पंगतीला बसले. पक्वान्नांना तोटा नव्हता. पण जाळी निजून चार दिवस झाले होते, त्यामुळे ताटात मासा नव्हता. राजाचा व्याही हसत म्हणाला, "महाराज, तुमच्या ध्वजावर मासा फडफडतो. ताटात मात्र भोपळा!"

सगळे हसले. राजाही हसला. पण ते वाक्य त्याच्या घशात काट्यासारखं अडकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः किनाऱ्यावर आला.

"आजच्या पंगतीला चांदवी हवी," तो म्हणाला. "थोरलं जाळं उठवा."

एकही कोळी जागचा हलला नाही. नागूबाय तेवढी पुढे आली.

"राजा, निजलेलं जाळं उठवलंस तर ते पुन्हा सहजी निजायचं नाही. आणि ज्या घराने ते उठवलं, त्या घरात जन्मेल त्या मुलाला नीज यायची नाही."

"म्हातारे, मला शाप देतेस?"

"शाप कसला, बाबा? माझ्या आजीने मला सांगितलं, ते मी तुला सांगते. खाडीत आत्ता पोटुश्या आहेत. दोन महिने थांब."

पण राजाला चारचौघांत थांब म्हणणारं माणूस नको होतं. त्याने तिला राज्याबाहेर काढलं. नागूबायने भाकरीचं गाठोडं घेतलं, लहानशी होडी लोटली आणि मागे न बघता निघून गेली. तिला कोणी अडवलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. किनारा भरून माणसं उभी होती.

मग राजाने दीर्घनख मांत्रिकाला बोलावलं. दीर्घनखाने करंगळीच्या नखाने थोरल्या जाळ्याची एक गाठ टोचली. जाळं दचकून उठलं, सरपटत पाण्यात गेलं, आणि दुपारपर्यंत खाडीतल्या साऱ्या चांदव्या घेऊन परत आलं. साऱ्या म्हणजे साऱ्या. समुद्रातल्या सगळ्या चांदव्या वर्षातून याच वेळी याच एका जागी येत, हे राज्यातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. पंगतीत मासा वाढला, पोटातल्या अंड्यांची गाभोळी तळून वाढली. व्याह्याने दोनदा मागून घेतली. राजाची मान ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी जाळं कोणी न सांगताच पुन्हा पाण्यात गेलं. तिसऱ्या दिवशीही. तुम्हाला वाटेल, लोक घाबरले असतील. छे! लोक खूश झाले. घरबसल्या मासळी येते तर कोणाला नको असते? राजाने बेटांवर दगडी ओटे बांधून घेतले, त्यांवर मासे सुकू लागले. सुकवूनही उरले ते कुजले. मग हळूहळू मासे लहान येऊ लागले, मग बोटाएवढे, मग नुसतं शेवाळ आणि रिकामे शिंपले. जाळं तरीही जातच होतं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी बाया खाडीवर जाऊन उभ्या राहिल्या. खाडीचं पाणी स्थिर होतं. एकही चांदवी माहेरी आली नाही.

लग्नाला दीड वर्ष झालं, तेव्हा शुक्तिमती बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला मुलगी झाली. नाव ठेवलं वेला. गोरीगोमटी, हसरी पोर. पण ती निजेना. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, डोळ्याला डोळा म्हणून लागेना. पाळण्यात पडून ती सगळ्यांकडे टकाटका बघत राही. दहाव्या दिवशी तिचं रडणं थांबलं, कारण रडायलाही अंगात बळ लागतं.

राजवैद्य म्हणाला, "महाराज, ही पोर दोन महिने काढील. पुढचं मला विचारू नका."

शुक्तिमतीने बापाकडे पाहिलं. "बाबा, नागूबाय काय म्हणाली होती?" एवढंच तिने विचारलं.

राजाने दीर्घनखाला फर्मावलं, "जाळं निजव."

"महाराज, उठवण्याची विद्या मी शिकलो. निजवण्याची मला कोणी शिकवली नाही."

तलवारीने जाळं कापेना, आगीने जळेना. तेव्हा वीरकेतूने मुकुट उतरवून लेकीच्या उशाशी ठेवला, एक लहान होडी घेतली आणि नागूबायच्या शोधात एकटा निघाला.

पहिल्या बेटावर सुरय पक्ष्यांची वस्ती होती. पांढरे पक्षी, काळ्या टोप्यांचे. पूर्वी तिथे हजारो असत, आता एक मादी आणि तिचं एक पिलू उरलं होतं.

"नागूबाय इथे आली होती," मादी म्हणाली. "अंगाईची पहिली ओळ माझ्यापाशी ठेवून पुढे गेली. ती तुला देईन. आधी माझ्या पिलाला एक मासा दे."

एक मासा! राजाला हसू आलं. त्याने गळ टाकला. हसू दुसऱ्या दिवशी गेलं. अकरा दिवस तो गळ धरून बसला, शिदोरी संपली, आणि अकराव्या दिवशी करंगळीएवढा एक मासा लागला. खोटं कशाला सांगू, तो मासा त्याने आधी स्वतःच्या तोंडापर्यंत नेला होता. मग पिलाने चोच उघडली आणि राजाने मासा तिच्यात सोडला. मादीने ओळ दिली:

"नीज जाळ्या नीज, तुझी भागली गाठ गाठ."

दुसऱ्या बेटावर वाळू होती, पण वाळू दिसत नव्हती. वर राजाचेच दगडी ओटे होते. त्यांच्या कडेला एक म्हातारी कासवी पडून होती.

"मी याच वाळूत जन्मले," ती म्हणाली. "माझ्या पोटात अंडी आहेत आणि माझ्या वाळूवर तुझे दगड आहेत. दुसरी ओळ माझ्यापाशी आहे. दगड उचल."

राजाने यापूर्वी कधी स्वतःचा जोडाही उचलला नव्हता. एकोणीस दिवस तो दगड वाहत राहिला. हाताची सालं निघाली, त्यांत खारं पाणी झोंबलं. ओटे बांधताना कोणाचे हात असेच सोलले असतील, हे त्याच्या मनात पहिल्यांदा आलं. शेवटचा दगड निघाला तशी कासवी वाळू उकरून बसली. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती म्हणाली:

"पोटुशी आली माहेरा, तिची मोकळी ठेव वाट."

ते ऐकून राजाला शुक्तिमती आठवली. त्याची लेक पोटुशी माहेरी आली होती. तिच्यासाठी त्याने वाटेवर फुलं अंथरली होती. त्या दुसऱ्या माहेरवाशिणींसाठी त्याने जाळं अंथरलं होतं. त्याला फार वाईट वाटलं. वाईट वाटून त्यांतली एकही परत येणार नव्हती, हेही त्याला कळलं.

तिसऱ्या बेटाला किनारा नव्हता, नुसते खडक होते. त्या खडकांपाशी एक देवमाशीण घिरट्या घालत होती, आणि मधल्या पाण्यात थोरलं जाळं जागंच होतं. मासे संपल्यावर ते इतक्या लांब आलं होतं. त्याने देवमाशिणीच्या पिलाला शेपटीपासून मानेपर्यंत गुरफटलं होतं.

"कापायला आला असशील तर परत जा," देवमाशीण म्हणाली. "नागूबाय म्हणायची, गाठ सोडवता येते. सोडव."

राजा पाण्यात उतरला. तो एक गाठ सोडवी, जाळं तीन मारी. तेव्हा राजाने जाळ्याशी झगडणं सोडलं आणि त्या दोन ओळी म्हटल्या. आवाज बेसूर होता. पण जाळं थबकलं. त्याच्या दोऱ्या किंचित सैल पडल्या, जणू ते पुढची ओळ ऐकायला थांबलं होतं.

"तिसरी ओळ?" राजा ओरडला. "नागूबाय कुठे आहे? मला तिची क्षमाही मागायची आहे."

"नागूबाय गेली," देवमाशीण म्हणाली. "मागच्या पौर्णिमेला, याच खडकांवर. तिला मीच खोल पाण्यात नेलं. तुझी वाट पाहत होती."

राजाने पाण्यातूनच त्या खडकांना हात जोडले.

"आणि तिसरी ओळ तिच्यापाशी नव्हतीच. ज्याचं जाळं, त्याची ती ओळ. काय घेतलं ते खरं सांगायचं, आणि पुरे म्हणायचं. तुझ्या किनाऱ्यावरचा एकूण एक कोळी दरवर्षी ती म्हणतो. तू कधीच म्हटली नाहीस?"

"नाही," राजा म्हणाला. "मी कारभाऱ्याला पाठवत असे."

मग त्याने जाळ्याच्या एका गाठीला ओठ लावले. "चांदवी घेतली," तो म्हणाला. "पोटातल्या अंड्यांसकट घेतली. सगळी घेतली. भूक नव्हती, तरी घेतली. एक माणूस हसला म्हणून घेतली. पुरे, बाबा. आता पुरे."

जाळ्याच्या गाठी एकेक करून सुटल्या. पिलू निसटून आईच्या कुशीत गेलं. जाळ्याने बारीक घोरायला सुरुवात केली. आणि तिकडे राजवाड्यात, भर दुपारी, वेलाने एक लांब जांभई दिली आणि आईच्या मांडीवर डोळे मिटले. ती तीन दिवस उठली नाही. शुक्तिमती तीन दिवस मांडी न हलवता बसून राहिली.

शाप सुटला. राजा निजलेलं जाळं होडीत घालून परतला. राज्य रीतीवर आलं. उरलेले ओटे फोडून त्यांचे दगड खाडीच्या बांधाला लावले. दीर्घनखाची नखं काढली, तेव्हापासून तो बरा माणूस झाला म्हणतात. राजाकडून त्या दोन ओळी शिकून नागूबायच्या जागी तिची सून बसू लागली. पहिल्या वर्षी शेवाळ परतलं, तिसऱ्या वर्षी कोलंबी, पाचव्या वर्षी बांगडे, आणि सुरय पक्ष्यांची वस्ती शंभरावर गेली. लोक जेवढं लागेल तेवढंच आणू लागले. जाळी वेळेवर निजू लागली.

सातव्या वर्षी जाळी निजवण्याच्या दिवशी वेला आजोबांबरोबर वाळूत बसली होती. नागूबायच्या सुनेने दोन ओळी म्हटल्या. वेलाची नजर वाऱ्यावर फडफडणाऱ्या ध्वजाकडे गेली.

"आजोबा, तो मासा कुठला?"

"चांदवी."

"मी कधी पाहिली नाही. ती कुठे असते?"

खोल समुद्रात असते, असं सांगता आलं असतं. पोरीने ते खरं मानलं असतं. वीरकेतूने तसं सांगितलं नाही.

"ती नाही आता. तुझ्या आईच्या लग्नात मी ती सगळी वाढली."

"सगळी? एकसुद्धा ठेवली नाहीत?"

"नाही."

वेलाने पुन्हा ध्वजाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "येईल का हो परत?"

"मी दर पावसाळ्याला खाडीवर जाऊन बसतो," राजा म्हणाला.

पोर दमली होती. तिने आजोबांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि तिला लगेच झोप लागली. राजाने थोरल्या जाळ्याची एक गाठ हातात घेतली, ओठांशी नेली, आणि दरवर्षी म्हणतो ती ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.